पश्चिमेचा खांब

दिवाळी उरकली आणि ऊन तिरपं झालं की माझ्या छातीत जळजळ सुरू होते. डॉक्टर म्हणतात, फराळाचं पित्त आहे, चकल्या कमी खा. मी मान डोलावते आणि गोळ्या घेऊन घरी येते. पण हे चकल्यांचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. चार-साडेचारला शाळेच्या मैदानावर ऊन आडवं होतं, कोणीतरी घमेल्यातून चुन्याची फक्की आणतं, दोन खांबांमधली रेघ पुन्हा पांढरी होते, आणि सहा-सात वर्षांपूर्वीचा एक हेवा माझ्या आत उठून बसतो. राग मी विसरते, अपमानही विसरते. हेवा मात्र दर वर्षी ताजाच असतो.

मी बदनापूरच्या एका शाळेत खेळ शिकवते. कागदोपत्री सगळेच खेळ, पण खरा एकच, मुलींचा खो-खो. आमचं मैदान काळ्या मातीचं. पावसाळ्यात त्यावर पाऊल टाकलं की चपलेसकट अर्धं मैदान घरी येतं. दिवाळीपर्यंत ते बसतं, वर मुरूम टाकून रोलर फिरवला की पळायजोगं होतं. तोवर कृषी संशोधन केंद्राच्या शेतातली तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते, कापसाची पहिली वेचणी झालेली असते, स्टेशनाबाहेर मोसंबीच्या गाड्या लागलेल्या असतात. पोरींच्या दप्तरात मोसंबी, पोरींच्या हाताला मोसंबीच्या सालीचा वास, आणि घसरून खरचटलेल्या गुडघ्याला त्याच हातांनी लावलेली हळद. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, असा हा आमचा मोसम. दीड महिना चालतो आणि वर्षभर पुरतो.

मी हेवेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. जावेच्या पोळ्यांचा, धाकट्या बहिणीच्या केसांचा, शेजारणीच्या कुंडीतल्या मोगऱ्याचा, कशाचाही मला हेवा वाटतो. हे हेवे साधे असतात, रात्री झोपलं की सकाळी निम्मे उतरलेले असतात. साळवे सरांचा हेवा मात्र उतरला नाही.

साळवे सर आमच्या शाळेत गणित शिकवायचे. घर जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींमागच्या गल्लीत. रोज रेल्वेनं यायचे-जायचे. किरकोळ अंगाचा माणूस, पायात कायम चपला, खिशाला दोन पेनं. आयुष्यात बसमागे सोडून कशामागे पळाले असतील असं वाटत नाही. बाहेरगावी संघ न्यायचा तर सोबत आणखी एक शिक्षक लागतो, म्हणून मुख्याध्यापकांनी त्यांना माझ्या गळ्यात मारलं. मी म्हटलं, असू दे, पाण्याच्या बाटल्या तरी मोजतील.

पहिल्याच संध्याकाळी ते रेघेच्या बाहेर उभे राहिले आणि अगदी अदबीनं म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? तुम्ही तुकड्या कशावरून लावता?"

खो-खोत पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीनं आत उतरतात. एक तुकडी बाद झाली की दुसरी. पहिल्या तुकडीत कोण, शेवटच्या तुकडीत कोण, यावर अर्धा सामना असतो. ते ठरवणं हेच तर माझं काम.

"बघून," मी म्हटलं.

"म्हणजे काय बघून?"

"काय बघून म्हणजे? पोरीकडं बघून. वीस वर्षं झाली सर, आता डोळ्याला कळतं."

"बराबर. पण डोळ्याला नेमकं काय कळतं, ते लिहून ठेवता आलं तर?"

"तुमच्या मिसेस पोळी कधी उलटायची ते लिहून ठिवतात का?"

सर हसले. मीही हसले, आपण जिंकलो असं समजून. पण घरी येऊन भांडी घासताना तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. काय बघून? मला खरंच सांगता येईना. मला माझ्या शाळेतल्या खेळाच्या सरांनी अंबडच्या मैदानावर कसं निवडलं होतं, ते आठवलं. मी हौदाच्या तोटीला तोंड लावून पाणी पीत होते आणि मागून कोणाचं पाऊल वाजलं की मान वळवून बघत होते. सर म्हणाले, ही पोरगी पाणी पितानाही सावध असते, हिला घ्या. बस्, एवढ्यावर मी राज्यापर्यंत खेळून आले. आता हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

दुसऱ्या दिवशी साळवे सर चौकटीची वही घेऊन आले, गणिताच्या आलेखाला लागते ती. एका हातात मोबाईलचं घड्याळ, दुसऱ्या हातात पेन. कोण किती सेकंद पळालं, कोणाच्या हातून बाद झालं, मैदानाच्या कोणत्या अर्ध्या भागात बाद झालं, सगळं टिपायचे. रोज सकाळी जालना ते बदनापूर गाडीत बसून त्याची बेरीज करायचे, सरासरी काढायचे. गाडीतून उतरायचे ते ताजा निकाल हातात घेऊनच.

पहिल्या पंधरा दिवसांतच त्यांनी माझी निकिता खाली आणली. निकिता म्हणजे माझा जीव. उंच, सडपातळ, अशी वळायची की पाठलाग करणारी तोंडावर पडायची. ती आत उतरली की बाकीच्या वर्गांतली पोरं खिडक्यांत यायची. सरांनी वही माझ्यासमोर धरली आणि बोट ठेवलं. निकिता संघात सातवी. पहिली एक-दोन वळणं दाखवायची, टाळ्या घ्यायची आणि लगेच बाद व्हायची. मी म्हटलं, वही चुकली. मग तीन दिवस गुपचूप स्वतः मनात सेकंद मोजले. वही चुकली नव्हती. निकिता थेट मी पळायचे तशी पळायची, म्हणून मला ती आवडायची, एवढीच त्यातली गोम. वीस वर्षं मी ज्याला नजर म्हणत आले, त्यात माझं माझ्यावरचं प्रेमच किती होतं, ते त्या माणसानं पंधरा दिवसांत दाखवलं. त्याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही.

आणि पहिलं कोण आलं? दीपाली. नववीतली बुटकी, गोल चेहऱ्याची पोरगी. मी तिला बारा जणींत घेतलं होतं ते कोणी आजारी पडलं तर असावी म्हणून. ना वेग, ना वळण. पण वहीत सगळ्यात जास्त वेळ तीच टिकत होती, एकदा नाही, रोज.

मला खरं काय बोचलं, ते सांगते. आधी पोरी पळून आल्या की धापा टाकत माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी भुवई उचलली तरी त्यांना कळायचं, मी मान हलवली की चेहरा पडायचा. आता धापा टाकत थेट सरांकडे जायच्या. "सर, माझे किती?" "सर, काल्च्यापेक्षा जादा का?" सगळ्या डोकी घालून वहीत बघायच्या, आणि मी शिट्टी गळ्यात अडकवून एकटी खांबाजवळ उभी. घरी सवत आणली तर कसं वाटत असेल, ते मला त्या दीड महिन्यात कळलं.

मी पोरकटपणाही कमी केला नाही. त्यांची जालन्याची गाडी संध्याकाळी ठरलेली, म्हणून मी सराव मुद्दाम उशिरा सुरू करायला लागले. कधी फक्की संपली म्हणायचे, कधी पोरींना आणखी दोन फेऱ्या मारायला लावायचे. गाडीची वेळ झाली की सर वही काखेत धरून, चपला फटफटवत स्टेशनाकडे पळायचे. माझ्या मैदानावर त्यांना पळवलं याचा मला केवढा आनंद व्हायचा! चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "गाडी जाऊ द्या मॅडम, मी शेअर रिक्षानं जाईन. सराव अर्धवट नको." त्यानंतर रोज पदरचा खर्च करून गेले. आता या माणसाचा हेवा करावा तरी किती?

तालुक्याच्या स्पर्धा आमच्याच मैदानावर झाल्या. अंतिम सामना संध्याकाळचा. सरांच्या वहीप्रमाणे दीपाली पहिल्या तुकडीत उतरली आणि तिनं समोरच्या संघाला रडकुंडीला आणलं. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांसमोर साळवे सरांना नारळ दिला आणि म्हणाले, "आता आपल्या शाळेत खेळ शास्त्रशुद्ध झाला." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मागची वीस वर्षं मी काय करत होते, असं विचारावंसं वाटलं, पण हातात चहाचा कप होता आणि तो गरम होता.

त्याच आठवड्यात मला ते दिसलं.

मी पूर्वेच्या खांबाजवळ उभी होते. आमचं मैदान पूर्व-पश्चिम, एक खांब स्टेशनाच्या अंगाला, दुसरा मावळतीला. दीपाली आत उतरली आणि नेहमीप्रमाणे सरकत सरकत पश्चिमेच्या खांबापाशी गेली. पाठलाग करणारी तिच्यावर धावली. आणि तिनं डोळे मिचकावले, दीपालीनं नाही, धावणारीनं. हात पुढे केला तो वीतभर चुकला. पुढचीला खो मिळाला, तिचंही तेच. मी कपाळावर हात आडवा धरून पश्चिमेकडे पाहिलं आणि माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या वेळचं ऊन बरोबर खांबाच्या डोक्यावर असतं. दीपाली त्या उन्हाला पाठ देऊन उभी राहायची, समोरून येणारीला ती नुसती काळी आकृती दिसायची. मी उशिरा सराव सुरू करत गेले, तसतसं ऊन आणखी खाली येत गेलं आणि दीपालीचे सेकंद वाढत गेले. म्हणजे वहीतला तो आकडा अर्धा माझ्याच खोडसाळपणानं वाढवला होता.

जिल्ह्याचा सामना जालन्याला होता. सकाळी अकराला. तिथले खांब उत्तर-दक्षिण. ऊन डोक्यावर, कोणाच्याच बाजूनं नाही.

हे मी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. कोणत्याही शाळेतल्या कोणत्याही बाईनं सांगितलं असतं. मी त्या रात्री पोळ्या लाटताना वाक्य जुळवलंही होतं. पण ते वाक्य बोलायला निघाले की दुसरंच दृश्य डोळ्यांपुढे यायचं, वहीसकट तोंडावर आपटलेले साळवे सर, आणि सगळ्या पोरी परत माझ्या तोंडाकडे बघताहेत.

बरं, सरांनी विचारलं नसतं तर मी स्वतःला काही तरी समजावलं असतं. पण त्यांनी विचारलं. निघायच्या आदल्या दिवशी, मैदानावर, वही उघडून. "मॅडम, एक गोष्ट मला उलगडून नाही राह्यली. ही दीपाली पश्चिमेच्या खांबाकडंच का टिकते? पूर्वेला गेली की इतरांसारखीच बाद होते. असं का असंल?"

आकड्यांनी त्यांना बरोबर त्या खांबापर्यंत आणून सोडलं होतं. पुढं काय ते आकड्यांना माहीत नव्हतं, आणि तो भला माणूस कसलाही आडपडदा न ठेवता ज्याला माहीत असेल त्याला विचारत होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली आणि म्हटलं, "आता ते मला काय माहीत सर? आकडे तुमचे हायेत."

ते म्हणाले, "बरं," आणि वहीत काहीतरी लिहिलं.

त्याच संध्याकाळी दीपाली पाण्याच्या टाकीपाशी माझ्याजवळ आली होती. तिचे वडील जालन्याला सळईच्या कारखान्यात कामाला. तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत सांगितलं, "मॅडम, पप्पा म्हणले, विभागाला गेलीस तर पुढंबी खेळ. न्हाई तर उद्यापासून बंद, मंग बारावीपर्यंत नुसता अभ्यास." मी तिच्या पाठीवर थाप मारली. माझ्या गप्प बसण्याची किंमत कोण देणार आहे, हे मला त्या क्षणी स्वच्छ माहीत होतं. मला माहीत नव्हतं, असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

सामन्याचं फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या तुकडीत दीपाली उतरली आणि सवयीनं खांबापाशी जाऊन उभी राहिली. समोरची पोरगी सरळ धावत आली, तिला सगळं लख्ख दिसत होतं, आणि तिनं हात लावला. खेळ नीट सुरूही झाला नव्हता. तिच्यामागून उरलेल्या दोघी घाबरून बाद झाल्या आणि आमचा सगळा डाव कोलमडला. दुसऱ्या डावात मी दीपालीला शेवटच्या तुकडीत टाकलं, तिची पाळीच आली नाही. निकिता त्या दिवशी माझ्यासारखी नाही, शहाण्यासारखी पळाली. तरी पहिल्या डावातली तूट भरून निघाली नाही. दोन गुणांनी गेलो.

दीपाली बाद झाली त्या क्षणी मला बरं वाटलं. हे कबूल करायला नको वाटतं, पण वाटलं. मग मी सरांकडे वळून पाहिलं. या चेहऱ्याची मी किती दिवस वाट पाहिली होती! तो चेहरा बघवेना. एखाद्या पोराचा पेपर आपण चुकीचा तपासला, असं शिक्षकाला नंतर कळावं, तसे ते उभे होते. आणि मैदानातून बाहेर येताना दीपालीनं माझ्याकडे पाहिलं. सरांकडे नाही, वहीकडे नाही, माझ्याकडे. महिनाभर ज्यासाठी मी जळत होते, ते मला मिळालं. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी बांधलेलीच होती.

परतीच्या गाडीत, पोरींना बदनापूरला पोचवायला आलेले सर माझ्या शेजारी येऊन बसले. "माझं चुकलं मॅडम. पोरीचं नुकसान झालं माझ्या हातून."

"होतं असं," मी म्हटलं.

पुढच्या जूनपासून सर जालन्यातल्याच एका शाळेत गेले. ते आधीच ठरलेलं होतं म्हणे. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. पंधरा दिवस मी ती उघडली नाही. उघडली तेव्हा शेवटच्या पानावर दीपालीच्या नावासमोर लिहिलेलं होतं, 'पश्चिम खांब. कारण मॅडमनाच कळेल. पुन्हा विचारणे.' हे त्यांनी माझं ते तिरकस उत्तर ऐकल्यानंतर लिहिलं होतं.

तेव्हापासून मी वही ठेवते. कोणाला दाखवत नाही. सरांचेच रकाने, त्यात माझे दोन वाढवलेत. एक, ऊन कुठं होतं. दुसरा, पोरगी घरून काय खाऊन आली. नुसता आकडा आंधळा असतो, असं पुष्कळ खेळवाले छाती फुगवून सांगतात, मीही सांगायचे. माझ्या डोळ्याला ऊन दिसलं, हे खरंच आहे. पण दिसलेलं सांगायला जीभ उचलावी लागते, आणि ती माझी उचलली नाही. सरांची वही चुकली ती न कळून चुकली. माझी अक्कल कळून सवरून गप्प बसली.

घरी आमचे मिस्टर क्रिकेट बघतात. कोण जिंकणार त्याचा अंदाज हल्ली पडद्याच्या कोपऱ्यात सारखा येत असतो. मिस्टर लगेच म्हणतात, "बघ, मशीन म्हणून राह्यलं आपणच जिंकणार." मी म्हणते, "मशीनला दव पडलेलं दिसतं का?" ते म्हणतात, "तुला लई दिसतं." मला तिथून उठून स्वयंपाकघरात जावं लागतं.

गेल्या आठवड्यात मी मैदानावर रेघ आखून घेत होते, तेव्हा फाटकातून एक ठेंगणी पोरगी आली. केस अगदी बारीक कापलेले, पायात पळायचे बूट, हातात पेढ्यांचा पुडा. जवळ येऊन पाया पडली तेव्हा ओळखलं. दीपाली. पोलीस भरतीत निवड झाली होती तिची. खेळ बंद झाला, पण पळणं सोडलं नव्हतं. नोकरीसाठी पळते म्हटल्यावर वडिलांनीही अडवलं नाही, आणि पोरगी रोज पहाटे जालना रोडच्या कडेनं पळत राहिली.

"आधी सरांकडं गेल्ते," ती म्हणाली, "मंग तुमच्याकडं आले."

आधी सरांकडं. बघा, झाली ना छातीत जळजळ? एवढ्या आनंदाच्या वेळीसुद्धा. मी म्हटलं, "चांगलं केलंस. त्यांचं घर जालन्यात स्टॅण्डच्या वाटेवरच हाय."

आम्ही पायरीवर बसलो. समोर नव्या पोरी अंग गरम करत होत्या. ऊन खाली येत होतं. तिनं पश्चिमेकडे बघून डोळे बारीक केले आणि हसली.

"मॅडम, एक सांगू का? रागावू नका."

"सांग."

"ते उन्हाचं मला माहीत होतं. मुद्दाम करत होते मी. त्या खांबापाशी पाठ करून उभं राह्यलं की समोरचीला काही दिसत न्हाई, हे मला दुसऱ्याच दिवशी कळल्तं. सरांना न्हाई सांगितलं. सांगितलं असतं तर वहीत माझं नाव खाली गेलं असतं न."

माझ्या हातातली फक्की पायरीवर सांडली. "मंग जालन्यात काय करणार होतीस गं?"

"भीती लई वाटत होती. म्हणलं, आपलं बिंग फुटणार. पण मी मनात म्हणलं, सरांना न्हाई कळलं, मॅडमला तर दिसतंच सगळं. मॅडम रोज समोर उभ्या असतात. त्यांना दिसून राह्यलं अन् तरीबी त्या मला पहिल्या तुकडीतून काढत न्हाईत, म्हणजे त्यांना बिलकुल खात्री हाय की ही उन्हाबिगर पळंल." तिनं पेढ्यांचा पुडा सोडून माझ्यापुढे धरला. "मीच कमी पडले. बाद झाल्यावर तुमच्याकडं बघितलं, तर तुम्ही खाली वाकून होत्या. रडून राह्यल्या होत्या तुम्ही. मला लई वाईट वाटलं. तेव्हाच ठरवलं, मॅडमनी आपल्यावर टाकलेला भरवसा एक दिवस खरा करायचा. भरतीच्या ग्राउंडला पळताना हेच डोक्यात होतं."

मी तोंड उघडलं. 'अगं, तसं नव्हतं,' एवढंच म्हणायचं होतं, मग बाकीचं आपोआप आलं असतं. तिचं वय आता ऐकून घेण्याचं होतं, आणि माझं सांगून टाकण्याचं. पण मला दिसलं की खरं सांगितलं तर तिच्याकडे चांगलं माणूस एकच उरेल, साळवे सर. तेवढं मला सोसेना. मी पेढा तोंडात टाकला, आणि तो संपायच्या आत दुसरा.

ती गेली. फाटकाशी वळून तिनं हात हलवला, मीही हलवला. नव्या पोरी पळून आल्या आणि धापा टाकत माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या, पण माझं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. साळवे सरांचाही हेवा त्या घटकेला आठवत नव्हता. दीपाली इतकी वर्षं जिच्या भरवशावर पळत आली, त्या मॅडमचा मला हेवा वाटत होता.